म्हैस जाणार, मंगळसूत्रही जाणार

तिकीट मिळालं? अभिनंदन. आता पहिलं काम म्हणजे तो रस्ते-गटारांचा जाहीरनामा छापखान्यातून परत मागवा. रस्त्याचं नाव काढलंत की मतदार मागच्या रस्त्याचं विचारतो. भीतीला ती कटकट नाही. जे घडलेलंच नाही, त्याचा हिशेब कोण मागणार?

भीती मात्र घरातल्या वस्तूची दाखवावी. 'अर्थव्यवस्था धोक्यात' म्हटलं की माणूस जांभई देतो. २१ एप्रिल २०२४ ला राजस्थानात बांसवाड्याच्या सभेत पंतप्रधानांनी थेट मंगळसूत्रालाच हात घातला. काँग्रेस आली तर तेही ठेवणार नाही म्हणाले. पुढे गुजरातेत सांगितलं, दोन म्हशी असतील तर एक नेतील. काँग्रेसच्या जाहीरनाम्यात म्हैस शोधून सापडली नसती. पण जाहीरनामा वाचतो कोण? गोठ्यात मात्र रोज जावं लागतं. (दुभती नेणार की भाकड, तेवढं राहिलंच.)

विरोधात आहात? हरकत नाही, धंदा सर्वपक्षीय आहे. त्याच निवडणुकीत 'चारशे पार म्हणजे संविधान बदलणार' हे वाडीवस्तीवर पोचलं. बियाणं भाजपच्याच अनंतकुमार हेगडेंनी पुरवलं होतं, विरोधकांनी नुसतं पाणी घातलं. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा आघाडीला. मग हरलेल्यांनी 'फेक नॅरेटिव्ह' म्हणून गळा काढला आणि नोव्हेंबरात विधानसभेला 'बटेंगे तो कटेंगे' घेऊन तेच दारात हजर. महायुतीतल्याच अजित पवारांनी सांगितलं, हे महाराष्ट्रात चालायचं नाही. महायुतीला २३० हून अधिक जागा मिळाल्या. आता श्रेय घोषणेचं की लाडक्या बहिणींच्या दीड हजारांचं, यावर वाद घालू नका. त्या दीड हजारांतही भीती होतीच: आधी द्यायचे, मग 'ते आले की बंद करतील' म्हणायचं.

बजेट तुटपुंजं असेल तर १९६४ ची अमेरिका आठवा. जाहिरातीत एक चिमुरडी फुलाच्या पाकळ्या मोजतेय, मग उलटी मोजणी, मग अणुस्फोट. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या प्रचाराने ती पैसे मोजून एकदाच दाखवली, ७ सप्टेंबरला. पुढे बातम्यांनी फुकट दाखवली. प्रतिस्पर्धी गोल्डवॉटर यांचं त्यात नावसुद्धा नाही. कोण युद्ध पेटवणार, हे लोकांनी आपलं आपण ओळखलं. जॉन्सन ५० पैकी ४४ राज्यं जिंकले आणि १९६५ मध्ये व्हिएतनाममध्ये लढाऊ फौजा उतरवल्या त्यांनीच.

मतदानाआधी ४८ तास जाहीर प्रचार थंडावतो. थंडावतो तो भोंगा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'सर्वांना पाठवा'ला कसली आलीय आचारसंहिता?

एक धोका सांगून ठेवतो. कोपरा सभेत पहिल्या रांगेत एखाद्या मावशी रिकामी घागर घेऊन बसलेल्या असतात. तुम्ही रंगात येऊन म्हणता, "मावशी, ते आले तर गळ्यातलं जाईल हो!" मावशी पदर सारखा करतात. गळ्यात काळी पोत.

"ते पतपेढीत गहाण पडून तीन वर्षं झाली, दादा. नळाला पाणी कधी येणार?"

अशा वेळी गडबडू नये. रिक्षावाल्याला खूण करावी, भोंग्याचा आवाज वाढवायला.