खड्ड्याच्या दुरुस्तीसाठी दहा कोपेक

लोकांना टोप्या घालून जगायचं तुम्ही मनावर घेतलंच असेल, तर गुरू तरी नीट निवडा. हल्लीचे भामटे फोनवर ओटीपी मागतात. त्यात ना कला, ना कष्ट, ना गिऱ्हाइकाचा मान. माझं ऐका, इल्या इल्फ आणि येव्गेनी पेत्रोव्ह या ओडेसाच्या सोव्हिएत लेखकजोडीने 1928 साली 'बारा खुर्च्या' या कादंबरीत जन्माला घातलेल्या ओस्ताप बेंडरचे पाय धरा. त्या पायांत मोजे नसतील, तिकडे दुर्लक्ष करा. स्तारगोरोद गावात तो पहिल्यांदा शिरला तेव्हाही नव्हते. ओव्हरकोटही नव्हता. हातात मात्र अॅस्ट्रोलेब होतं, म्हणजे ग्रहताऱ्यांची उंची मोजायचं जुनं यंत्र, आणि ते विकायला काढलेलं होतं. गावाने त्याचं करायचं काय, या खुलाशात तो शिरला नाही. शिष्टमंडळांना आणि महिला विभागांना सवलत आहे, एवढं मात्र त्याने ओरडून सांगितलं. पहिला धडा इथेच झाला. पुढच्या धड्यांना मी आकडे घालणार नाही. या धंद्यात हिशेब ठेवलेला बरा नसतो.

चोरी करू नका. बेंडर फौजदारी कायद्याचा आदर करतो, तसं तो स्वतःच सांगतो. पैसे काढून घेण्याचे चारशे 'तुलनेने प्रामाणिक' मार्ग त्याला ठाऊक आहेत. त्यातल्या 'तुलनेने' या शब्दावर माझा फार जीव आहे. जी वस्तू कोणाच्याच मालकीची नाही ती विकली, तर चोरी झाली कुठे? काकेशसमधल्या प्यातिगोर्स्कला 'प्रोव्हाल' नावाचा एक प्रसिद्ध खड्डा आहे. डोंगर आत खचलाय आणि तळाशी गंधकाचं निळं पाणी आहे. बेंडर आला तेव्हा तो बघायला पैसे पडत नव्हते. असं उघड्यावर टाकलेलं धन बघून त्याच्या जिवाला लागलं. पावतीपुस्तक घेऊन तो खड्ड्याच्या तोंडाशी उभा राहिला. दर दहा कोपेक (शंभर कोपेकचा एक रूबल), विद्यार्थ्यांना पाच, मुलं आणि लाल सेनेचे सैनिक फुकट, कामगार संघटनेत नसलेल्यांना तीस. दरपत्रक असं गुंतागुंतीचं असावं. आपण कोणत्या रांगेत बसतो हे शोधण्यात माणूस इतका गुंततो, की मुळात पैसे का द्यायचे हे विचारायचं राहून जातं. पुढे सहलीला आलेले पोलीसच समोर उभे ठाकले तेव्हा गुरुजी क्षणभर चरकले. मग पोलीस हे विद्यार्थी आणि मुलांच्या बरोबरीचे धरता येतील असं म्हणून त्यांच्याकडून पाच-पाच कोपेक घेतले. पोलिसांनी ते दिले आणि मग अदबीने विचारलं, हे पैसे कशासाठी? प्रोव्हालच्या मोठ्या दुरुस्तीसाठी. फार खचू नये म्हणून.

आज त्या खड्ड्यापाशी बेंडरचा पुतळा उभा आहे.

आता घराणं. बाप निवडताना मेलेला, शहीद झालेला आणि सरकारला प्रिय असलेला निवडा. लेफ्टनंट श्मिट 1905 साली सेवास्तोपोलच्या उठावात पुढे होता, 1906 साली झारशाहीने त्याला गोळ्या घातल्या. 'सोन्याचं वासरू' या दुसऱ्या कादंबरीत या श्मिटची तीस मुलं आणि चार मुली सोव्हिएत देशभर फिरतात, एकमेकांच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून देशाचे चौतीस भाग पाडून चिठ्ठ्या टाकतात आणि सरकारी कचेऱ्यांतून उसनवारी करतात. बेंडर एका साहेबांसमोर कोल्या श्मिट होऊन बसलेला असताना दुसरा श्मिट दारातून आत येतो. तुम्ही काय केलं असतं? खिडकी शोधली असती. बेंडर उठला, 'वास्या!' म्हणत गळ्यात पडला, दोघं भाऊ बराच वेळ मिठीतून सुटेनात. सख्ख्या भावांची भेट चालू असताना कोणता साहेब कागद मागेल? खऱ्या श्मिटचा खरा मुलगा यादवी युद्धात बोल्शेविकांविरुद्ध, 'श्वेत' सेनेच्या बाजूने लढला आणि देश सोडून गेला. सरकारी कचेरीच्या कूपनांवर जेवण्याची लायकी खोट्या मुलांचीच.

आपल्याकडच्यांनी न्यूनगंड बाळगायचं कारण नाही. बेंडरच्या सामानात एक जाहिरात सापडते. तीत 'मुंबईचा सुप्रसिद्ध ब्राह्मण योगी', क्रेपिशचा पुत्र, रवींद्रनाथ टागोरांचा लाडका, योकानान मारुसिद्झे. कार्यक्रमात भुतांना देह देणे आणि हत्तींचं वाटप. तिकीट पन्नास कोपेकपासून दोन रूबलपर्यंत. क्रेपिश हा त्या काळचा नावाजलेला शर्यतीचा घोडा होता. म्हणजे मुंबईचं नाव, टागोरांचा वशिला आणि घोड्याचं कुळ. हत्ती कोणाला मिळाला का, हे विचारू नका. असलं विचारणाऱ्यांमुळेच धंदा बसतो.

शिक्षण आड येऊ देऊ नका. व्होल्गाकाठच्या वास्युकी गावात बेंडर ग्रँडमास्टर म्हणून उतरला तेव्हा बुद्धिबळ तो जन्मात दुसऱ्यांदा खेळणार होता. व्याख्यान वीस कोपेक, एकाच वेळी अनेकांशी खेळण्याची संधी पन्नास. हत्तीघोड्यांविषयी त्याने फारसं सांगितलं नाही. वास्युकी नवी मॉस्को होईल, मॉस्को जुनी वास्युकी होईल, आणि पुढे इथेच ग्रहांग्रहांतल्या खेळाडूंची स्पर्धा भरेल, हे सांगितलं. विमानतळाच्या स्वप्नात रमलेल्या गावकऱ्याला आपलं प्यादं कुठे गेलं ते दिसत नाही. सगळ्या पटांवर एकच सुरुवात करून गुरुजी सगळीकडे हरायला लागले, तेव्हा त्यांनी समोरच्या एकाक्ष माणसाचा हत्ती खिशात घातला, आणि बोंब झाल्यावर सोंगट्या त्याच्या तोंडावर फेकून नदीकडे पळाले. पाठलाग करणारे होडीत एकाच बाजूला दाटले आणि पाण्यात पडले. तुम्ही हसाल. पण 1998 साली रशियातल्या काल्मिकिया प्रजासत्ताकात, एलिस्ताला खरंच बुद्धिबळनगर उभारून ऑलिम्पियाड भरवलं, तिथेही बेंडरचा पुतळा बसवला, आणि त्या प्रजासत्ताकाचे तेव्हाचे अध्यक्ष, जे जागतिक बुद्धिबळ महासंघाचेही अध्यक्ष होते, परग्रहवासी आपल्याला यानात घेऊन गेले होते असं जाहीर सांगत आले. कादंबरीकार बिचारे फार जपून लिहीत होते.

धोके दोनच. पहिला भागीदार. बारा खुर्च्यांपैकी एकीत हिरे दडवलेले होते आणि बेंडर ते भागीदार वोरोब्यानिनोव्हसोबत शोधत होता; शेवटच्या खुर्चीआधी या वोरोब्यानिनोव्हने झोपलेल्या बेंडरचा गळा वस्तऱ्याने चिरला. त्याला मारायचं की जगवायचं यावर लेखकांचं जमेना, म्हणून साखरेच्या भांड्यात चिठ्ठ्या टाकल्या, आणि कवटी व कोंबडीची दोन हाडं काढलेली चिठ्ठी निघाली, असं त्यांनीच सांगितलंय. तरी 1931 साली 'सोन्याचं वासरू'मध्ये तो मानेवर वण घेऊन परत आला.

दुसरा धोका यश. दहा लाख रूबल मिळाल्यावर बेंडरला कळलं की या देशात ते खर्चच करता येत नाहीत. मग तो फरकोट चढवून, सोनं अंगावर बांधून, पांढऱ्या पँटींच्या रिओ द जानेरोकडे निघाला. रुमानियाच्या सीमेवरच्या शिपायांनी त्याला लुबाडलं. ना दरपत्रक, ना पावती. गोठलेल्या नदीवरून तो परतला तेव्हा मुठीत फक्त 'गोल्डन फ्लीस' या जुन्या युरोपीय सन्मानाचं पदक उरलं होतं. आता इमारतीचा व्यवस्थापक व्हायला शिकावं लागेल, असं त्याने तिथेच जाहीर केलं.

तेव्हा तुमच्या सोसायटीत सेक्रेटरीची जागा रिकामी असेल तर बघा. दुरुस्ती निधी तिथे आधीपासून असतोच, पावतीपुस्तक छापून तयार असतं.