तारापूरभोवतीचे 16 किलोमीटर: आपल्या आक्षेपांना उत्तर

तारापूर अणुऊर्जा केंद्राभोवती 16 किलोमीटर त्रिज्येचा बफर (नकाशावर केंद्रापासून ठरावीक अंतरापर्यंतचे वर्तुळ) काढून, 2011 च्या जनगणनेवरून आतील लोकसंख्येचा जो अंदाज मी मांडला, त्यावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत: वर्तुळाचा बराच भाग अरबी समुद्रात जात असल्याने क्षेत्रफळाच्या प्रमाणात लोक वाटणे तेथे फसते, आणि वस्ती सर्वत्र सारखी पसरलेली असते हे गृहीतकच चुकीचे आहे. पहिला आक्षेप मला मान्य नाही, दुसरा बराचसा मान्य आहे.

गावाचे लोक मी ज्या गुणोत्तराने वाटतो ते असे आहे: गावाच्या बफरमध्ये पडणाऱ्या तुकड्याचे क्षेत्रफळ भागिले त्याच गावाचे पूर्ण क्षेत्रफळ. समुद्रातला भाग कोणत्याही गावावर पडत नसल्याने तो हिशेबात येतच नाही. खरी चूक होते ती इंटरसेक्टनंतर, म्हणजे नकाशाच्या संगणकप्रणालीत बफरच्या रेषेवर गावे कापून आतले तुकडे वेगळे केल्यावर. तुकड्याला मूळ गावाची सगळी लोकसंख्या तशीच चिकटून राहते आणि लोकसंख्येचा तो रकाना त्या गुणोत्तराने नव्याने न काढता बेरीज केली की सीमेवरचे गाव अख्खे मोजले जाते. (एकेकाळी मीही हे केले आहे.)

दुसऱ्या आक्षेपाबाबत उदाहरण घेऊ. समजा, 2,000 वस्तीच्या गावाचे 400 पैकी 100 हेक्टर आत येतात. माझी पद्धत 500 माणसे मोजते. प्रत्यक्षात गावठाण त्या 100 हेक्टरांत असेल तर जवळजवळ सगळी आत, नसेल तर बहुधा कोणीच नाही. पूर्वेकडे वस्ती पाड्यापाड्यांत विखुरलेली असल्याने ही चूक सौम्य होते, दाट गावठाणात ती तीव्र होते. पण ती केवळ सीमेने कापलेल्या गावांपुरती असते. बोईसर पुरेसे आत आणि पालघर शहर बाहेर असल्याने मोठे आकडे या वाटणीवर अवलंबून नाहीत. त्रिज्या 2 किलोमीटर असती, तर मात्र आपला आक्षेप निर्णायक ठरला असता, कारण तेव्हा जवळजवळ प्रत्येक गाव कापले गेले असते.

गावाचा मध्यबिंदू आत असेल तरच ते मोजावे, हा आपला पर्याय मला पटत नाही. त्यात एकेका गावाची चूक कमी न होता सगळे किंवा काहीच नाही अशी होते. त्याऐवजी पूर्णपणे आत असलेल्या गावांची बेरीज ही किमान, आणि बफरला स्पर्श करणाऱ्या सर्व गावांची बेरीज ही कमाल मर्यादा म्हणून द्यायला हवी होती. आणीबाणीत स्थलांतर गावनिहाय होणार असल्याने नियोजनासाठी कमाल आकडाच उपयोगी आहे, आणि मी तो दिला नाही ही माझी उणीव आहे.

पडताळून पाहायचे असल्यास, 2011 मध्ये हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. म्हणून गावे ठाण्याच्या तक्त्यात शोधावी लागतील, आणि बफर अक्षांश-रेखांशाच्या अंशांत न काढता यूटीएम 43 उत्तर या नकाशा-प्रक्षेपणात (या पट्ट्यासाठीची, अंतरे मीटरमध्ये मोजणारी नकाशापद्धत) मीटरमध्ये काढावा लागेल.