पंप बदलूनही गाडी बंद का पडली: तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

जूनमध्ये आमच्याकडे फ्युएल पंप (टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा) बदलला आणि चवथीच्या आदल्या दिवशी, घरची माणसं नि माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांचं) सामान गाडीत असताना, गोव्यातल्या गिरी गावाजवळ हायवेवर गाडी बंद पडली, असं तुम्ही लिहिलंय. टो करून नेल्यावर दुसऱ्या मेकॅनिकने पंपाचा कपलर, म्हणजे पंपाला वायरी जोडणारा प्लग, जळालेला दाखवला आणि 900 रुपयांत गाडी सुरू करून दिली. म्हणजे आमचं 7,400 चं बिल फुकट गेलं, असं तुमचं म्हणणं. यातली आमची चूक आधी मान्य करतो.

कपलरमधला दोष आमच्या नजरेतून सुटला. पंप बदलताना आम्ही कपलर काढून मीटर लावला, 12.4 व्होल्ट दिसले आणि वायरिंग ठीक आहे असं धरून पुढे गेलो. ही तपासणी पुरेशी नव्हती. कपलर सुटा असताना त्यातून करंट वाहत नाही, त्यामुळे आतली पिन सैल असो की काळी पडलेली, मीटर बॅटरीइतकेच व्होल्ट दाखवतो. कपलर जोडून, पंप चालू ठेवून, मागच्या बाजूने पिनेवर मोजायला हवं होतं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून पंपाच्या पिनेपर्यंत एकदा आणि पंपाच्या अर्थच्या वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एकदा, असं वेगवेगळं. कुठेही अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला तर वाटेत अडथळा आहे: कपलर, रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच), नाहीतर अर्थिंग. किनाऱ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत अर्थचा बोल्ट हिरवा पडलेला हमखास सापडतो.

हिशेब साधा आहे. पिनेत 0.3 ओहम अडथळा आणि पंपाचा करंट 5 अँपिअर असेल तर दीड व्होल्ट वाटेतच जातात आणि तेवढ्याशा पिनेत साडेसात वॅट उष्णता तयार होते. प्लास्टिक मऊ पडायला एवढी पुरते. पिन तापली की तिची पकड ढिली होते, पकड ढिली झाली की ती आणखी तापते. म्हणून नवा पंप दोन महिने नीट चालला आणि मग गाडी एकदम बंद पडली.

पण जुना पंप चांगला होता, हे मात्र खरं नाही. सकाळी तीन-चार वेळा सेल्फ मारावा लागतो आणि चोर्ल्याचा घाट चढताना पिकअप जातो, अशी तुमचीच तक्रार होती. पेट्रोलचं प्रेशर मोजायचं गेज लावल्यावर 3 बार हवेत तिथे 2.1 मिळाले. इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटांत प्रेशर 0.6 वर उतरलं. इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर गळत नव्हते, म्हणजे बहुधा पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप) प्रेशर धरत नव्हता. कपलर खराब असल्याने असं होत नाही. व्होल्ट कमी मिळाले तरी प्रेशर पडतं, म्हणून बॅटरीवरून फ्यूज लावलेली वायर थेट पंपाला देऊनही पाहिलं होतं. तरी 2.3 च्या वर गेलं नाही. खरं तर 2.1 आणि 2.3 मधला तो फरकच कपलरकडे बोट दाखवत होता. आकडा जॉब कार्डवर लिहिला आणि त्याचा अर्थ लावला नाही, याचं वाईट वाटतं. झिजलेला पंप जास्त करंट ओढू शकतो आणि त्यानेच कपलर भाजतो. दुखणं एकच होतं, आम्ही अर्धंच काढलं.

'पाव टाकीखाली जाऊ देऊ नका म्हणे, आणि कामाला येताना टाकी भरू नका म्हणे' असंही तुम्ही लिहिलंय. दोन्हींना कारण आहे. पंपाची मोटर पेट्रोलमध्ये बुडालेली असते आणि आतून वाहणारं पेट्रोलच तिला थंड ठेवतं. पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारा छोटा कप असतो, त्यामुळे एकदा-दोनदा रिझर्व्हवर गेल्याने काही होत नाही. रोज शंभर-दोनशेचं पेट्रोल टाकून चालवण्याची सवय पंप खाते. आपल्याकडच्या पावसाळ्यात रिकाम्या टाकीत दमट हवा जास्त मावते. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल पाणी शोषतं, आणि पाणी मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाला बसतं. पंपाची पेट्रोल गाळणारी जाळी तिथेच असते.

कामाच्या वेळी मात्र उलट. मागची सीट काढून टाकीचं वरचं तोंड उघडावं लागतं, आणि टाकी भरलेली असली तर पेट्रोल काठाशी येऊन सांडतं. त्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे लाईनमधलं प्रेशर उतरतं. मग बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि वाफ जाऊ द्यायची. वरचं रबर गॅस्केट दर वेळी नवं. तीन तास त्यात गेले.

आता एक काळजीची गोष्ट. तिकडे वायरी पिळून वर टेप मारली असेल तर ते तात्पुरतंच समजा. शिवाय कपलर जळताना पंपाच्या झाकणावरच्या पिनाही भाजल्या असतील. तसं असेल तर नवा कपलरही टिकणार नाही. त्या पिनांचं दुसरं टोक टाकीच्या आत जातं, तिथे साधी वायर जोडून भागवता येत नाही, झाकणच बदलावं लागतं. गाडी आणा. नवा कपलर योग्य जाडीच्या वायरीसह क्रिंप करून (पक्कडीने दाबून घट्ट करून) बसवू, पिना खराब असतील तर झाकण बदलू, आणि पंप चालू असताना दोन्ही बाजूंचे व्होल्ट तुमच्यासमोर मोजू. याचे पैसे घेणार नाही. तिकडे दिलेले 900 आणि टोचे 1,500 परत करू, पावत्या तेवढ्या घेऊन या. पंपाचे पैसे परत करणार नाही, कारण तो बदलणं गरजेचंच होतं.

तोवर पेट्रोलचा वास आला किंवा चढावर गाडी अडखळली तर चालवू नका, फोन करा, आम्ही येऊन नेऊ. आणि येताना टाकी अर्ध्याखाली असू द्या.