‘कुठलंही अ‍ॅप घ्या, अंतर तेच’ हे पटलं नाही

पळण्याचं अंतर मोजणाऱ्या अ‍ॅप्सवरच्या लेखात म्हटलंय, सगळी अ‍ॅप्स फोनचंच जीपीएस वापरतात, तेव्हा कुठलंही घ्या, अंतर तेच येणार. जीपीएस एकच, मान्य. पण मिळालेल्या ठिपक्यांतून रेघ कशी ओढायची हे ज्याचं त्याचं अ‍ॅप ठरवतं. बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या दाट झाडीखाली पळून बघा, रेघ नागमोडी होऊन अंतर फुगतं. येळ्ळूरकडच्या उघड्या शिवारात तीच सुतासारखी. त्यात ऑटो-पॉज (थांबलं की वेळ मोजणं आपोआप थांबवणारी सोय) चालू राहिला तर रेल्वे गेटला उभं राहिलेली मिनिटं गायब, आणि पेस (दर किलोमीटरला लागलेला वेळ) एकदम झकास!

हौशी माणसाचं यात काही बिघडत नाही. पण आमच्याकडं गावोगावची पोरं सैन्यभरतीसाठी १.६ किमी पळतात. फोननं ५० मीटर आधीच १.६ दाखवलं, तर साडेपाच मिनिटांच्या हिशेबात दहा सेकंद गेले की! त्यांनी ४०० मीटरच्या ट्रॅकवर आतल्या लेनमधून चार फेऱ्या माराव्यात, हातात साधं स्टॉपवॉच पुरे. बाकीच्यांनी अ‍ॅपचे रंगीत आलेख नंतर बघावेत. आधी ऑटो-पॉज बंद करता येतो का ते बघा, आणि फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवरचं बंधन काढा. नाहीतर स्क्रीन बंद झाली की फोन त्याला झोपवतो, मधला वळणाचा तुकडा सरळ रेषेत जोडला जातो आणि पळालेलं अंतर कमी भरतं. लेखात याबद्दल एक ओळसुद्धा नाही.