सूट द्या, पण कोणत्या वस्तूला आणि किती दिवस ते लिहा

मेट्रोच्या सबस्टेशनमधला किंवा पाणीपुरवठ्याच्या पंपघरातला ट्रान्सफॉर्मर उघडला की आत पातळ, चकचकीत पत्र्यांचा गच्च रचलेला गठ्ठा दिसतो. एकेक पत्रा पाव मिलिमीटरच्या आसपास. हा सीआरजीओ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यासाठी खास बनवलेला विद्युत पोलादाचा पत्रा. टाकी, रेडिएटर, वाइंडिंग हे सगळं देशात सहज मिळतं. हा पत्रा मात्र गरजेच्या मानाने फार थोडा बनतो. कितीतरी वर्षं तो बनवणारा देशात एकच कारखाना होता, आणि तो आपल्या नाशिक जिल्ह्यात, इगतपुरीजवळ. अमेरिकेचीही गत वेगळी नाही. तिथे तो पत्रा बनवणारी एकच कंपनी आहे, पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावी.

सरकारी कामात देशी माल वापरण्याच्या नियमातून सूट द्यावी की नाही, या वादात मला नेहमी हा पत्रा आठवतो. सूट म्हणजे घोटाळाच, असं म्हणणाऱ्यांनी या पत्र्याचं काय करायचं ते सांगावं. आणि नियमांमुळेच कामं रखडतात म्हणणाऱ्यांनी हे सांगावं, की एका पत्र्यासाठी अख्ख्या सबस्टेशनला सूट का मागितली जाते?

आधी नियम बघू. केंद्राचा ‘मेक इन इंडिया’ला प्राधान्य देणारा सार्वजनिक खरेदी आदेश १५ जून २०१७ चा. त्यात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या आणि जून २०२० पासून पुरवठादारांचे तीन वर्ग झाले. देशी मूल्य ५० टक्के किंवा जास्त असेल तर क्लास-वन, २० ते ५० च्या मध्ये असेल तर क्लास-टू, २० च्या खाली बिगर-स्थानिक. बिगर-स्थानिकाला फक्त जागतिक निविदेत भाग घेता येतो, आणि २०० कोटींपर्यंतच्या खरेदीला जागतिक निविदा काढायची तर कॅबिनेट सचिवालयाची पूर्वपरवानगी लागते. ज्या वस्तूला देशात पुरेशी क्षमता आणि स्पर्धा आहे असं संबंधित मंत्रालयाने कळवलंय, तिथे फक्त क्लास-वनच चालतो. बाकी ठिकाणी क्लास-टू बोली लावू शकतो, पण प्राधान्य क्लास-वनला. त्याची बोली सर्वांत कमी बोलीच्या २० टक्क्यांच्या आत असेल तर त्याला तो कमी भाव जुळवायची संधी मिळते. पाच लाखांखालची खरेदी यातून मोकळी आहे, पण त्यासाठी मोठ्या खरेदीचे तुकडे पाडायचे नाहीत, हेही आदेशातच लिहिलंय.

आता हिशेब, कारण सगळी गंमत तिथेच आहे. वस्तूची किंमत देशी अप्रत्यक्ष कर वगळून घ्यायची, त्यातून आयात भागांची किंमत सीमाशुल्कासकट वजा करायची, जे उरेल त्याची टक्केवारी काढायची. समजा ट्रान्सफॉर्मर ४० लाखांचा. आयात पत्रा, बुशिंग, टॅप चेंजरचे भाग मिळून सीमाशुल्कासह १८ लाख. उरले २२, म्हणजे ५५ टक्के. क्लास-वन. पुढच्या निविदेपर्यंत डॉलर चढला, पत्रा महागला, आयात भाग २१ लाखांवर गेला, आणि स्पर्धेमुळे विक्रीचा भाव ४० लाखांवरच राहिला. आता ४७.५ टक्के. कारखाना तोच, कामगार तेच, ट्रान्सफॉर्मर तोच, आणि कंपनी क्लास-टू. अशा वेळी ‘या वस्तूसाठी देशी मूल्याची किमान अट तात्पुरती कमी करा’ ही मागणी रास्त आहे. आदेशात तशी सोय आहे.

पण टक्केवारी काठावर आली की कागदावर ती फुगवायचे प्रकारही सुरू होतात. वाहतूक, विमा, उभारणी, चाचणी, प्रशिक्षण, वार्षिक देखभाल हे सगळं देशी मूल्यात धरायचं. मार्च २०२१ च्या खुलाशाने ते बंद केलं. मग आयात पत्रा परदेशातून थेट न घेता इथल्याच व्यापाऱ्याकडून घ्यायचा, बिल रुपयांत, जीएसटीसकट, म्हणून तो ‘देशी’. जुलै २०२४ च्या दुरुस्तीने तेही बंद केलं. आयात केलेली वस्तू इथल्या वितरकाकडून घेतली तरी ती आयातच, आणि परदेशात भरलेली रॉयल्टी किंवा तांत्रिक शुल्कही देशी मूल्यात धरायचं नाही. तरी बऱ्याच फायलींत आजही जुन्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागलेलं असतं. दहा कोटींवरच्या खरेदीला वैधानिक लेखापरीक्षकाचं किंवा कॉस्ट ऑडिटरचं प्रमाणपत्र लागतं, त्याखाली पुरवठादाराचं स्वतःचं घोषणापत्र चालतं. खरेदी अधिकाऱ्याने घोषणापत्रासोबत किमान एवढं मागावं: सुट्या भागांची यादी, प्रत्येक भागाचा मूळ देश, आणि पत्र्याचं मिल टेस्ट सर्टिफिकेट. कारखाना कुठला हे त्या सर्टिफिकेटवर असतंच. खोटी घोषणा सापडली तर दोन वर्षांपर्यंत बंदी घालता येते. मात्र कुणीतरी तपासल्याशिवाय ती सापडणार कशी?

सुटीचा अधिकार आदेशाच्या चौदाव्या कलमात आहे. खरेदी करणारा विभाग आपल्या मंत्र्यांच्या मंजुरीने, कारणं लेखी नोंदवून, देशी मूल्याची अट कमी करू शकतो, प्राधान्याची २० टक्क्यांची मर्यादा कमी करू शकतो, किंवा एखाद्या वस्तूला अगर पुरवठादाराला पूर्ण सूट देऊ शकतो. आदेशाची प्रत स्थायी समितीला आणि नोडल मंत्रालयाला, म्हणजे त्या वस्तूसाठी नेमलेल्या मंत्रालयाला, पाठवायची. एवढंच. ती प्रत लोकांना बघायला मिळावी, त्यावर उत्पादकांना आधी बोलता यावं, सूट अमुक तारखेला संपावी, यातलं काही त्या कलमात बंधनकारक नाही. माझा आक्षेप इथे आहे. सुटीला माझा विरोध नाही. ती बंद फायलीत आणि बिनमुदत दिली जाते, त्याला आहे.

बिनमुदत सुटीचं काय होतं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेचं आहे. तिथल्या संघीय महामार्ग प्रशासनाने १९८३ साली ‘उत्पादित वस्तूंना’ सरसकट सूट दिली. पोलाद देशी हवं, बाकी यंत्रं, दिवे, सिग्नल कुठलेही चालतील. ही सूट चाळीस वर्षांहून जास्त चालली. ती संपवायचा नियम आला जानेवारी २०२५ मध्ये, तोही टप्प्याटप्प्याने: १ ऑक्टोबर २०२५ पासून अंतिम जुळणी अमेरिकेत, आणि १ ऑक्टोबर २०२६ पासून घटकांच्या किमतीत ५५ टक्क्यांहून जास्त वाटा देशी. चाळीस वर्षांत ज्यांना सिग्नलचे दिवे-पेट्या बनवायचा कारखाना काढायचा असेल त्यांनी काय हिशेब केला असेल? सूट कधी संपणार हेच माहीत नसेल तर बँकेला प्रकल्प अहवाल तरी काय दाखवायचा?

त्याच अमेरिकेतली दुसरी बाजू मात्र घेण्यासारखी आहे. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यानंतर तिथे सूट मागायची कारणं तीनच: लोकहित, माल पुरेसा किंवा योग्य दर्जाचा मिळत नसणं, आणि देशी मालामुळे संपूर्ण प्रकल्पाचा खर्च २५ टक्क्यांहून जास्त वाढणं. प्रस्तावित सूट वेबसाइटवर टाकायची आणि किमान १५ दिवस लोकांची मतं घ्यायची. त्या १५ दिवसांत एखादा छोटा कारखानदार ‘ही वस्तू आम्ही बनवतो, हा घ्या पुरावा’ म्हणून उभा राहू शकतो. एवढ्यासाठी लागतो काय, तर एक वेबपान. आपल्याकडे निविदांचं केंद्रीय पोर्टल आहेच, त्यावर आणखी एक रकाना वाढवायला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही.

पोलादाचं आपलं धोरण या बाबतीत शब्दांनी तरी नेमकं आहे. मे २०१७ च्या देशी पोलाद धोरणात सूट दोनच प्रसंगी: विशिष्ट ग्रेड देशात बनत नसेल, किंवा प्रकल्पाला लागणारं प्रमाण देशातून पुरं होत नसेल. आता रुळांकडे बघा. मेट्रोच्या तीव्र वळणांवर १०८० ग्रेडचे हेड-हार्डन्ड रूळ लागतात. डोक्याचा भाग उष्णतेची प्रक्रिया करून कठीण केलेला असतो, नाहीतर चाकाच्या घर्षणाने तो लवकर झिजतो. पूर्वी हे आयातच करावे लागत. आता ते छत्तीसगडच्या रायगढमध्ये बनतात (आपला रायगड वेगळा). म्हणजे जी सूट कालपर्यंत रास्त होती ती आज रास्त नाही. सुटीच्या आदेशावर संपण्याची तारीख नसेल तर जुनीच टिपणी नव्या निविदेत चिकटवली जाते, आणि नव्या कारखान्याला पहिली ऑर्डरच मिळत नाही. पहिली ऑर्डर नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून पुढच्या निविदेत पात्रता नाही.

सूट मागणारी चांगली फाइल कशी असते ते नीट सांगतो, कारण बहुतेक फायली इथेच फसतात. मागणी वस्तूची हवी: ग्रेड, माप, भारतीय मानक क्रमांक, नग किंवा टन, आणि कामाच्या वेळापत्रकात ती कोणत्या महिन्यात लागणार. ‘सिग्नलिंग प्रणाली’ असं मोघम लिहिलं की त्यात केबल, कपाटं, बॅटऱ्या, खांब असं सगळं देशी मिळणारंही सुटीत जातं. मग बाजाराची चौकशी. ठेकेदाराने आणलेली तीन ‘नकारपत्रं’ पुरेशी मानू नयेत. खरेदीदाराने स्वतः पोर्टलवर स्वारस्य मागवावं, उत्पादक संघटनांना लिहावं, उत्तरं तारखेसह फाइलला लावावीत. त्यानंतर तपशील तपासायचा: आपण मागतोय ते मोजमाप कामाला खरंच लागतं का, की एखाद्या कंपनीच्या कॅटलॉगमधून उचललंय? पुष्कळदा वस्तू देशात ‘मिळत नाही’ याचं कारण तपशिलात एवढंच असतं की दंडगोलाचा व्यास दोन मिलिमीटरने वेगळा मागितलाय.

वेळेचं कारण तर फार जपून तपासावं. ‘देशी पुरवठादाराला दहा महिने लागतात, आपल्याकडे चारच आहेत’ अशी टिपणी आली की आराखडा मंजूर झाल्याची तारीख बघायची. आराखडा दीड वर्षापूर्वीचा असेल तर उशीर खरेदीदाराचा आहे, देशी उत्पादकाचा नाही. आणि माल बंदरात उतरल्यावर मागितलेली सूट तर देऊच नये. तिला सूट म्हणायचंच नाही, ती झालेल्या उल्लंघनावर मारलेली सही आहे. एक गोष्ट बरेच जण विसरतात: देशी मूल्यातून सूट मिळाली तरी सीमेलगतच्या देशांतल्या बोलीदारांना लागणारी जुलै २०२० ची नोंदणीची अट तशीच राहते. ती वेगळी आहे.

एवढं सगळं करूनही सगळ्यात मोठी गळती चौदाव्या कलमातून होत नाही. ती निविदेच्या पानांत होते. ‘मूळ देश युरोप, अमेरिका किंवा जपान’, ‘किमान तीन देशांत पुरवठ्याचा अनुभव’ अशी एक ओळ घातली की देशी कारखाना बाहेर, आणि सुटीचा आदेश काढायची गरजच नाही. परदेशात पुरवठा केल्याचा किंवा निर्यातीचा पुरावा मागू नये असं आदेशात स्पष्ट आहे, तरी अशा अटी येतातच. दुसरी वाट टर्नकी कंत्राटाची, म्हणजे बांधकामापासून यंत्रांपर्यंत सगळं एकाच ठेकेदाराला दिलेल्या कंत्राटाची. सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या कंत्राटात टाक्या, खोदाई, काँक्रीट यांचाच वाटा मोठा. पूर्ण कंत्राटाची टक्केवारी काढली की ब्लोअर, मेम्ब्रेन, सेन्सर, नियंत्रण पॅनेल सगळं आयात असूनही ठेकेदार आरामात क्लास-वन. सिमेंट-वाळू देशी असल्याचा फायदा आयात यंत्रांना मिळतो. यावर उपाय साधा आहे: यंत्रसामग्रीच्या मुख्य वस्तूंची टक्केवारी निविदेतच वेगळी मागा.

तिसरी वाट कर्जाची. परदेशी कर्जावरच्या प्रकल्पात कर्जकराराच्या अटी चालतात. जायका या जपानी सरकारी विकास संस्थेच्या ‘स्टेप’ प्रकारच्या कर्जात किमान ३० टक्के माल-सेवा जपानी मूळच्या लागतात. जागतिक बँकेच्या पद्धतीत मात्र आंतरराष्ट्रीय स्पर्धेत देशी मालाला १५ टक्के आणि कामांना ७.५ टक्के प्राधान्य देता येतं, पण ते निविदा कागदपत्रांत आधी लिहावं लागतं. न लिहिता नंतर ‘बँकेने अडवलं’ म्हणणं चूक आहे.

आणि जपानी कर्जावरच्या प्रकल्पातही कारखाने इथे उभे राहू शकतात. मुंबई-अहमदाबाद हाय स्पीड रेल्वेचा सुरतचा राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचा ७० मीटरचा, ६७३ टनांचा पोलादी पूल उत्तर प्रदेशातल्या हापूडच्या वर्कशॉपमध्ये घडला. याच मार्गाच्या पुलांचं काम आपल्या वर्ध्यातही झालं. मेट्रोच्या डब्यांचंही तसंच. नागपूरच्या गाड्या चीनमधल्या दालियानच्या कारखान्यातून आल्या. २०१७ मध्ये केंद्राने मेट्रोचे किमान ७५ टक्के डबे देशात बनवायची अट घातली. त्यानंतर ठरलेल्या पुण्याच्या गाड्यांपैकी सुरुवातीच्या थोड्या इटलीत आणि बाकीच्या पश्चिम बंगालमध्ये बनल्या, अॅल्युमिनियमच्या. ती २५ टक्क्यांची मोकळीक मला सुटीचा सगळ्यात शहाणा नमुना वाटते. पहिले काही नग बाहेरून आणा, तंत्र शिका, बाकीचे इथे बनवा. प्रमाण आधीच ठरलेलं, म्हणून गुंतवणूक करणाऱ्यालाही पाया मिळतो.

तुमच्या शहरात केंद्राच्या पैशातून मेट्रो, पाणी किंवा सांडपाण्याचं काम चालू असेल तर माहिती अधिकारात चार गोष्टी मागा: देशी मूल्यातून सूट दिलेल्या प्रत्येक आदेशाची प्रत, त्यामागच्या बाजारचौकशीचा पत्रव्यवहार, दहा कोटींवरच्या पुरवठ्याची लेखापरीक्षकाची प्रमाणपत्रं, आणि मुख्य यंत्रांची मूळ देशासह यादी. ‘प्रकल्पाची सर्व माहिती द्या’ असं लिहू नका, अर्ज मोघम म्हणून परत येतो. कंत्राट क्रमांक टाका. आदेश हातात आला की आधी दोनच जागा बघा: सूट वस्तूला आहे की अख्ख्या कंत्राटाला, आणि संपण्याची तारीख आहे की नाही.