पेनिंग्टनचा हात : ‘तटस्थ वाचक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘तटस्थ वाचक’,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक (पास फेकून संघाचा हल्ला चालवणारा खेळाडू) चॅड पेनिंग्टन आधी जेट्सकडून आणि मग मायामीकडून खेळला. त्याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, ते इतरांसाठी आधी थोडक्यात देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको. तुमचं म्हणणं असं की पेनिंग्टन डोक्याने हुशार होता, पण फेकीत जोर नव्हता, त्यामुळे बचावाचे खेळाडू बिनधास्त पुढे येऊन पंधरा यार्डांत गर्दी करायचे. वारा असला की त्याचा चेंडू डगमगायचा. त्याची ६६ टक्के अचूकता आखूड पासवर कमावलेली. मायामीचं २००८ चं यश वाइल्डकॅटचं (चेंडू क्वार्टरबॅकऐवजी थेट दुसऱ्या खेळाडूकडे देण्याचा डावपेच) आणि सोप्या वेळापत्रकाचं. बाल्टिमोरविरुद्धची चार इंटरसेप्शन्स (प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेले पास) मी लेखातून गाळली. आणि मग शेवटचं वाक्य, जसंच्या तसं : ‘टीव्हीसमोर बसून आकडे जमवणाऱ्याला काय कळणार, त्याचा हात म्हणजे शेवग्याची शेंग होती.’

मी या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तुमची बाकी सगळी प्रतिक्रिया त्याच्यावरच उभी आहे.

मतभेदाचं मला वावडं नाही. या ब्लॉगवर पॅट्रियट्सचे भक्त येतात, कडाकडा भांडतात आणि पुढच्या लेखाला परत येतात. पण ज्या खेळाडूच्या उजव्या खांद्यावर २००५ मध्ये एकाच वर्षात दोनदा शस्त्रक्रिया झाली, २००९ मध्ये तिसऱ्यांदा झाली, आणि तरीही जो २०१० मध्ये पुन्हा मैदानात उतरला, त्याच्या हाताला तुम्ही भाजीची उपमा देता? ‘तटस्थ’ असं नाव घेणाऱ्या माणसाकडून ही भाषा आली याचं वाईट वाटलं. ‘त्याच्या फेकीचा वेग कमी होता’ एवढं लिहिलं असतंत तर मी चार ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो.

आता टीव्हीचं. मी न्यू जर्सीत राहतो. मेडोलँड्समधलं जुनं जायंट्स स्टेडियम पाडलं जाण्याआधी त्याच्या वरच्या मजल्यावरून मी जेट्सचे सामने पाहिले आहेत. २००२ मध्ये व्हिनी टेस्टावर्डीला बसवून पेनिंग्टनला खेळवायला लागले तेव्हापासूनचे. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन मागे सरकतो तेव्हा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, पडद्याबाहेर असतात, आणि फेक झाल्यावर कॅमेरा फिरतो तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. वरच्या मजल्यावरून बावीसच्या बावीस खेळाडू एका नजरेत दिसतात. पेनिंग्टन समजायचा तर ती जागा हवी, कारण तो काय करायचा ते फक्त तिथूनच दिसायचं. तुम्ही तिथे कधी बसला आहात का, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठे आलेलं नाही.

आणि खांद्याबद्दल म्हणाल, तर मी पुस्तकात वाचून बोलत नाही. मुंबईत मी कांगा लीग खेळलो आहे, खालच्या डिव्हिजनला का होईना, मध्यमगती गोलंदाज म्हणून. माझा उजवा खांदा तिथेच गेला. फाइन लेगवरून कीपरच्या हातात एका टप्प्यात पोचणारा चेंडू तीन टप्प्यांवर यायला लागला. कपाटाच्या वरच्या फळीवरचा डबा काढताना हात अर्ध्यातच अडायचा. रात्री त्या कुशीवर झोपलं की जाग यायची. रोटेटर कफ म्हणजे खांद्याच्या सांध्याला धरून ठेवणारे चार स्नायू आणि त्यांचे कंडरे. फेकताना हात पुढे नेण्यापेक्षाही, चेंडू सुटल्यावर सुसाट गेलेल्या हाताला आवरण्याचं काम त्यांच्यावर जास्त पडतं. म्हणून दुखावलेला माणूस आपोआप हात आखडतो. मेंदूच त्याला पूर्ण जोराने फेकू देत नाही. क्रिकेटचा चेंडू जेमतेम १६० ग्रॅमचा. अमेरिकन फुटबॉल ४०० ग्रॅमचा, आणि तो अंगावर धावून येणाऱ्या सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसांकडे न बघता फेकायचा असतो. हे ज्याने खांद्यात भोगलं आहे तो शेंगेची उपमा देत नाही.

मी इथे एवढं का अडून बसलो आहे, ते सांगतो. ‘हाताचा जोर’ या दोन शब्दांत तुम्ही ज्या गोष्टी कोंबल्या आहेत, त्या सुट्या केल्याशिवाय हा वाद पुढे सरकतच नाही.

लांब उंच फेक ही क्वार्टरबॅकच्या हाताची खरी परीक्षा नव्हे. चेंडू हवेत उडवून पन्नास यार्ड लांब टाकणारी पोरं इथल्या शाळांतही सापडतात. परीक्षा असते ती ‘आउट’ नावाच्या पासमध्ये. रिसीव्हर सरळ पंधरा यार्ड धावतो आणि एकदम बाहेर, साइडलाइनकडे वळतो. खेळ डाव्या हॅश मार्कवरून (मैदानाच्या मधल्या भागातल्या खुणेवरून) सुरू झाला असेल आणि रिसीव्हर उजवीकडे असेल, तर नुसतं आडवं अंतर ८९ फूट ३ इंच, म्हणजे पावणेतीस यार्ड. क्वार्टरबॅक सातेक यार्ड मागे सरकलेला. तिरकं मोजलं तर चेंडूला हवेतून पस्तीसेक यार्ड जावं लागतं, आणि तेही सपाट. कारण तिथे चेंडू तरंगत गेला तर कॉर्नरबॅक (रिसीव्हरवर पहारा देणारा बचावपटू) तो मधल्या मध्ये उचलतो, आणि त्याच्यासमोर टचडाउनपर्यंत मैदान मोकळं असतं.

आता ताशी ६० मैलांनी फेकणारा एक आणि ५० मैलांनी फेकणारा दुसरा घ्या. हवेचा विरोध सोडून दिला तर हे अंतर कापायला पहिल्याच्या चेंडूला साधारण १.२ सेकंद लागतात, दुसऱ्याच्या चेंडूला १.४ हून थोडे जास्त. फरक पाव सेकंदाच्या आसपासचा. तेवढ्यात चपळ कॉर्नरबॅक दोन यार्ड कापतो, आणि दोन यार्ड म्हणजे पास पूर्ण होणं आणि इंटरसेप्शन होणं यातलं अंतर. इथपर्यंत तुमचं-माझं भांडण नाही.

पण तो पाव सेकंद चेंडू सुटल्यानंतर मिळत नसेल, तर सुटण्याआधी मिळवता येतो. पेनिंग्टनने सगळी कारकीर्द तेच केलं. रिसीव्हर अजून सरळ धावतो आहे, वळलेला नाही, त्याने मागे पाहिलेलंही नाही, आणि चेंडू पेनिंग्टनच्या हातातून निघालेला आहे, साइडलाइनजवळच्या रिकाम्या गवताकडे. वरून बघताना क्षणभर वाटायचं की चुकला, तिथे कुणीच नाही. मग लॅव्हर्नियस कोल्स पाय रोवून वळायचा, मान फिरवायचा आणि चेंडू त्याच्या छातीशी आलेला असायचा. कॉर्नरबॅक त्याच्यामागे एका पावलावर. हे नशिबाने जमत नाही. त्यासाठी खेळ सुरू व्हायच्या आधीच सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचा बचावपटू, किती मागे उभा आहे ते वाचावं लागतं. रिसीव्हर कितव्या पावलावर वळणार ते पाठ असावं लागतं. आणि ते चुकलं तर अब्रू जाणार हे ठाऊक असूनही हात सोडावा लागतो. चेंडू घेऊन पळणाऱ्या कर्टिस मार्टिनच्या पोटाशी चेंडू नेऊन तो असा काही काढून घ्यायचा की लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतले खेळाडू) एक पाऊल पुढे आलेच. त्या एका पावलातही वेळच मिळत असतो.

म्हणून मी लेखात २००२ च्या मोसमावर एवढा भर दिला. त्या वर्षी त्याचं पासर रेटिंग (पास फेकण्याच्या कामगिरीचा गुणांक) १०४.२ होतं, सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त. २२ टचडाउन, ६ इंटरसेप्शन. जानेवारी २००३ मध्ये प्लेऑफमध्ये जेट्सने कोल्ट्सना ४१-० असं धुतलं, आणि समोरच्या बाजूला क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग होता. तेव्हाही पेनिंग्टनचा हात तोफ नव्हताच. पुढे त्याच मॅनिंगचं बघा. मानेच्या शस्त्रक्रियांमुळे २०११ चा पूर्ण मोसम गेला, हाताची ताकद पहिल्यासारखी परत आली नाही, आणि २०१३ मध्ये डेन्व्हरकडून त्याने ५५ टचडाउन पास आणि ५,४७७ यार्डांचा विक्रम केला. आता दुसरी बाजू. क्वार्टरबॅक जामार्कस रसेल २००७ च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) पहिल्या क्रमांकाने गेला, तो मुख्यतः हाताच्या जोरावर. तसा हात त्या वर्षी दुसऱ्या कुणाकडे नव्हता. तीन मोसमांत त्याने २५ सामन्यांत सुरुवात केली, त्यातले ७ जिंकले आणि तो लीगबाहेर गेला.

एक गोष्ट तुमची मान्य. वाऱ्यात त्याचा चेंडू डगमगायचा. मेडोलँड्समध्ये तर वारा गोल गोल फिरतो, आणि डिसेंबरमध्ये त्याचा स्पायरल (गिरक्या घेत जाणारा चेंडू) दिसायला सुरेख नसायचा. हे तुम्ही बरोबर लिहिलंत, आणि मी ते कधी नाकारलेलंही नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. बाल्टिमोरचा तो एक सामना होता. मायामी २७-९ असा हरला, चार इंटरसेप्शन्स झाली, त्यांतली दोन बाल्टिमोरच्या एड रीडने घेतली, आणि एड रीडने कुणाकुणाला फसवलं ती यादी फार मोठी आहे. एका सामन्यावरून कारकीर्द मोजायची नसते. वाइल्डकॅटने सप्टेंबरमध्ये पॅट्रियट्सना चकवलं, कबूल, पण वाइल्डकॅटने अख्खा मोसम निघत नाही. त्या वर्षीचे ३,६५३ यार्डांचे पास कुणीतरी फेकलेच ना? वेळापत्रकाचं म्हणाल, तर ज्या संघाने आदल्या वर्षी एकच सामना जिंकला होता, त्याच्यासाठी कुठलंच वेळापत्रक सोपं नसतं. तो संघ १-१५ वरून ११-५ वर आला.

‘आखूड पास’ हा आरोप मात्र सोडवत नाही, कारण तो इतके जण इतक्या वर्षांपासून न तपासता करत आले आहेत. जेट्सनी ऑगस्ट २००८ मध्ये क्वार्टरबॅक ब्रेट फार्वला आणलं आणि पेनिंग्टनला मोकळं केलं. फार्वच्या हाताबद्दल कुणाला शंका नव्हती. त्या मोसमात पेनिंग्टनने ४७६ पास फेकले आणि दर पासमागे जवळजवळ ७.७ यार्ड मिळवले. फार्वने ५२२ फेकले, दर पासमागे ६.७. मग आखूड कोण खेळत होतं? पेनिंग्टनची १९ टचडाउन आणि ७ इंटरसेप्शन, फार्वची २२ आणि २२. फार्वचा दंड मोसमाच्या शेवटी दुखावलेला होता, हे मला माहीत आहे, ते सांगायला पुन्हा प्रतिक्रिया लिहू नका. दुखावलेल्या हाताने खेळणाऱ्याला सूट द्यायचीच असेल तर ती दोघांनाही द्या. पेनिंग्टनला तुम्ही कधी दिलीत?

आणि मोसमाचा शेवट तर माझ्या डोळ्यांसमोर झाला. २८ डिसेंबर २००८, जेट्सविरुद्ध मायामी, जिंकेल तर मायामी विभाग जिंकणार. मी जेट्सची हिरवी जर्सी घालून बसलो होतो, तेव्हा माझी सहानुभूती कुठे होती ते ओळखा. पेनिंग्टनने टेड गिनला एक टचडाउन दिला, अँथनी फसानोला एक. फार्वने तीन इंटरसेप्शन्स दिली. त्यांतलं एक फिलिप मर्लिंग नावाच्या डिफेन्सिव्ह एंडने पकडलं आणि तो सरळ टचडाउनपर्यंत पळाला. २४-१७. आपल्याच संघाने काढून टाकलेला माणूस आपल्याच मैदानात येऊन विभाग जिंकून गेला, आणि आजूबाजूचे जेट्सचे लोक आपल्या संघावर चिडले होते, त्याच्यावर नाही. त्या वर्षी त्याला दुसऱ्यांदा पुनरागमनाचा पुरस्कार मिळाला, पहिला २००६ चा. पहिल्या वेळी तो खांदा शिवून परतला होता.

तुम्ही पहिल्या सामन्याचा दाखला दिला नाहीत, पण दुसऱ्या कुणीतरी देईलच : त्याच मोसमाच्या सुरुवातीला मायामीत शेवटच्या क्षणी त्याचा पास एंडझोनमध्ये जेट्सच्या डॅरेल रेव्हिसने पकडला आणि जेट्स २०-१४ जिंकले. तो पास जोर कमी पडल्यामुळे गेला, असं म्हणणारे आहेत. मी तो पुष्कळदा पाहिला आहे आणि मला तसं वाटत नाही. रेव्हिस चांगला खेळला.

यापुढे लिहायचं असेल तर एवढंच करा. हाताला जोर नसल्यामुळे हुकलेला त्याचा एक तरी ‘आउट’ पास मला दाखवा : कोणत्या वर्षीचा सामना, कोणता क्वार्टर, रिसीव्हर कोण आणि चेंडू कोणत्या हॅशवरून निघाला. मी तो सामना काढून बघेन आणि याच पानावर उत्तर देईन. ते देणार नसाल आणि पुन्हा खेळाडूंच्या शरीरावर शेरे मारणार असाल, तर ती प्रतिक्रिया मी प्रसिद्ध करणार नाही. बाल्टिमोरच्या सामन्याबद्दल कुणाला सभ्य भाषेत बोलायचं असेल तर खाली जागा आहे.