श्रीकृपेकरून ६२ बाइट

डिस्क इमेज (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलीत उतरवलेली नक्कल) उघडून देणारे सॉफ्टवेअर सांभाळणे हा माझा चरितार्थ असून, त्यातला मोठा भाग फाइलच्या पाथला, म्हणजे फोल्डरांसकट तिच्या पूर्ण पत्त्याला, किती जागा द्यावी या विवंचनेत खर्ची पडतो. आमच्या पूर्वसूरींनी सरसकट २६० चा बफर, म्हणजे मेमरीतली राखीव जागा, ठेवला होता, कारण विंडोजची जुनी मर्यादा तीच: ड्राइव्हचे अक्षर, कोलन, तिरकी रेघ, २५६ अक्षरे आणि मजकूर संपल्याची खूण असलेले शेवटचे शून्य. लिनक्सवर ही मर्यादा ४०९६ बाइटची आहे. परंतु तिथेही त्यांनी २६० चाच बफर श्रद्धापूर्वक पुढे चालवला.

या श्रद्धेला तडा दिला तो आमच्या मामांनी. ते नातलगांच्या लग्नांच्या डीव्हीडींच्या इमेज करून ठेवतात आणि फोल्डरला 'आमचे येथे श्रीकृपेकरून' अशा सुरुवातीचे पत्रिकाछाप नाव देतात. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते. 'श्री' दिसायला एकटी असली, तरी आत श, पाय मोडल्याची खूण, र आणि वेलांटी अशी चार चिन्हे नांदतात, म्हणजे झाले १२ बाइट. तीन शब्दांत ६२ बाइट संपतात आणि वधूवर अद्याप मांडवात आलेलेही नसतात.

सी भाषेतली मजकूर नकलणारी स्ट्रकॉपी जागा आहे की नाही हे न विचारता लिहीत सुटते आणि शेजारच्या मेमरीची वाट लावते. त्याच कामाची स्ट्रएनकॉपी दिलेल्या मर्यादेवर थांबते खरी, पण जागा भरली की शेवटचे शून्य ठेवायचे सोडून देते, आणि मग वाचणारा पुढचे काय वाटेल ते वाचत जातो. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ठीक. येथे पाय कापण्याची प्रथा आहे. माझ्या मते कापलेला पाथ कोसळलेल्या प्रोग्रामपेक्षा वाईट, कारण त्या तोकड्या नावाची दुसरीच फाइल अस्तित्वात असली, तर एकाच्या वरातीवर दुसऱ्याची मुंज लिहिली जाते आणि कोणी तक्रारही करत नाही.

मजकूर जुळवून बफरात लिहिणारी एसएनप्रिंटएफ मात्र सभ्य आहे: पूर्ण मजकुराला किती बाइट लागले असते, शेवटचे शून्य वगळून, हे ती परत सांगते. तो आकडा बफरएवढा किंवा मोठा आला, की एक मिळवून तेवढी जागा मागावी, नाहीतर सरळ नकार द्यावा. विंडोजवर आणखी एक गोम आहे: तिथले रुंद अक्षर (वाइड कॅरॅक्टर) २ बाइटचे असल्याने, अक्षरसंख्या विचारणाऱ्या फंक्शनला बफरचे बाइट सांगितले, तर २६० च्या जागेत ५२० मावतील असा त्याचा समज होतो.

ही सर्व डागडुजी केल्यावर मामांना कळवले, तेव्हा त्यांनी अत्यानंदाने विचारले, "म्हणजे आता आहेर कोणी काय दिला, तेही नावातच लिहू ना?" लिनक्सची ईएक्सटी४ फाइलसिस्टिम एका नावाला २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हे देते आणि ते माझ्या हातात नाही, हे मी त्यांना दोनदा समजावले; ते म्हणाले, "तू वरच्या साहेबांशी बोलून तर बघ."